तपासणी आणि चिकित्सा : मुंबईच्या बालवैद्यकीय मराठीचे एक परीक्षण

‘चिकित्सा’ या शब्दाचे मराठीत जे झाले, ते अर्थपरिवर्तनाचे एक विलक्षण उदाहरण होय. संस्कृतात ‘चित्’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द सिद्ध झाला. जाणू इच्छिणे हा त्याचा मूळचा भाव आणि रोग्यावर उपचार करणे हा पुढे स्थिर झालेला अर्थ. चरकसंहितेचे चिकित्सास्थान हे रोगनिवारणाचे प्रकरण आहे, रोगचर्चेचे नव्हे. मराठीने मात्र हा शब्द पुन्हा उलट दिशेने नेला. ‘चिकित्सक’ म्हटले की आज मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वैद्य उभा राहत नाही. उभा राहतो तो प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा गृहस्थ. बरे करण्याचा अर्थ मागे पडला आणि कसून पाहण्याचा अर्थ पुढे आला. हा प्रवास एका शब्दाचा असता तर तो कोशकारापुरता राहिला असता. परंतु मुंबईतील मुलांच्या औषधोपचाराची गेल्या दोनशे वर्षांतील मराठी पाहू लागले असता तीच दिशा एका संपूर्ण व्यवहाराच्या भाषेत दिसून येते. घरातली आणि गल्लीतली भाषा उपचाराच्या क्रियापदांनी भरलेली आहे. शाळेच्या आणि शासनाच्या भाषेत ती क्रियापदे जवळजवळ नाहीत. तेथे एकच नाम सर्वत्र आढळते, ते म्हणजे ‘तपासणी’.

प्रस्तुत परीक्षणाचे क्षेत्र गिरगावापासून लालबाग, परळ व दादरपर्यंतच्या मराठी वस्तीचे आहे. या पट्ट्यात एकाच मुलाविषयी तीन प्रकारची मराठी बोलली गेली : घरातील स्त्रियांची, दवाखान्याच्या दारातील, आणि कार्यालयीन कागदाची. या तिन्हींचा परस्परांशी संबंध कोठे जुळला व कोठे तुटला, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

आरंभ देवीपासून करणे क्रमप्राप्त आहे. भारतात गोस्तनी देवीची लस प्रथम टोचली गेली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, आणि ती टोचून घेणारी व्यक्ती होती तीन वर्षांची ॲना डस्टहॉल ही मुलगी. व्हिएन्नाहून बगदाद व बसरामार्गे दंडा-दंडांवरून येत येत ती लस या मुलीच्या दंडावर पोचली. तिच्या फोडातील द्रव काढून मुंबईतील आणखी पाच मुलांना टोचण्यात आले आणि तेथून ती देशात इतरत्र पसरली. ‘लस’ या मराठी शब्दाचा साधा अर्थ जखमेतून वा फोडातून पाझरणारा पातळ चिकट द्रव, असा आहे. आज बाटलीतील कोणत्याही रोगप्रतिबंधक द्रव्यास हा शब्द लावताना त्याचा उगम एका मुलाच्या फोडात आहे, याचे भान राहत नाही. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ मूल हे या औषधाचे केवळ घेणारे नव्हते, ते औषध वाहून नेणारे पात्रही होते. वैद्यकाच्या इतिहासात हे वाक्य आलंकारिक वाटेल, पण मराठी शब्द ते अक्षरशः सांगतो.

लोकांनी या नव्या क्रियेला नाव दिले ‘देवी काढणे’. शिक्षितांनी या प्रयोगाकडे अडाणी श्रद्धेचा अवशेष म्हणून पाहिले, आणि येथेच त्यांची चूक झाली. मराठीत ‘निघणे’ व ‘काढणे’ ही अकर्मक-सकर्मक जोडी आहे. पाणी निघते, पाणी काढतात. काटा निघतो, काटा काढतात. त्याच न्यायाने देवी निघतात, आणि देवी काढतात. जे आपोआप व अनियंत्रित घडते ते अकर्मक. जे माणूस आपल्या हाताने, ठरवून, मर्यादेत घडवून आणतो ते सकर्मक. लस टोचण्याच्या क्रियेचे याहून अचूक वर्णन त्या काळच्या कोणत्या शास्त्रीय शब्दाने केले असेल, हे सांगणे कठीण आहे. रोग अंगावर सर्वत्र उठण्याऐवजी तो दंडावर, दोन-चार जागी, माणसाच्या इच्छेने उठवावयाचा, हीच त्या शास्त्राची युक्ती होती. देवीला मान्यता देऊन लोकांनी शास्त्र नाकारले नाही. त्यांनी शास्त्राची क्रिया आपल्या व्याकरणात बसवली.

याच ‘काढणे’चा आणखी विस्तार पाहण्याजोगा आहे. मुलाची दृष्ट काढतात. घरातील एखादे माणूस अंथरुणाला खिळले तर त्याचे ‘आजारपण काढतात’, म्हणजे आजार संपेपर्यंत उशापायथ्याशी बसून शुश्रूषा करतात. लस, दृष्ट आणि शुश्रूषा यांना एकच क्रियापद लावणारी भाषा तिन्ही गोष्टींना सारखेच प्रमाण मानते, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. पण ती तिन्हींत एक हात काम करताना पाहते, एवढे निश्चित. ‘मुलाला देवी काढल्या’ या वाक्यातील ‘मुलाला’ ही चतुर्थीही लक्षात ठेवावी. ‘मुलाला गुटी दिली’, ‘मुलाला औषध पाजले’, ‘मुलाला भरवले’ या वाक्यांच्या पंक्तीत ती बसते. या सर्व वाक्यांत मुलाला काहीतरी मिळते.

१८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात अर्भकांना देवी काढणे सक्तीचे झाले. सक्तीबरोबर शब्दही बदलू लागले. ‘देवी काढणे’च्या जागी ‘देवी टोचणे’ हे रूप अधिक ऐकू येऊ लागले आणि पुढे देवीचे नाव गळून नुसते ‘टोचणे’ उरले. १८९६ च्या प्लेगने या क्रियापदाला नवे बळ दिले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःस लस टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. ‘काढणे’त परिणाम दिसतो, ‘टोचणे’त फक्त सुई दिसते. मुंबईच्या शाळांतील मुलांच्या तोंडी या क्रियापदाचे जे वाक्य रूढ झाले ते कर्त्यावाचून आहे : ‘टोचायला आले!’ कोण आले, कशासाठी आले, कोणती लस, यांपैकी काहीच त्यात नाही. वर्गातील अर्धी मुले मागच्या भिंतीवरून पसार होण्यास मात्र ते पुरेसे असे.

आता घराकडे वळावे. गिरगावातील ब्राह्मण-पाठारे-सारस्वतांची बिऱ्हाडे आणि लालबाग-परळच्या चाळींतील कोकणी-घाटी कामगारांची बिऱ्हाडे यांत अंतर पुष्कळ होते, तरी अर्भकाच्या औषधाची परिभाषा बव्हंशी सामाईक होती. मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, सुंठ, हळकुंड, खारीक, बदाम यांची गुटी सहाणेवर उगाळावयाची आणि तिचे प्रमाण ‘वेढ्यां’त मोजावयाचे. मुरुडशेंगेचा एक वेढा, वेखंडाचा अर्धा, खारकेचे चार. मूल वाढले की वेढे वाढत. ही मापनपद्धती स्थूल खरी, पण ती मुलाच्या वयाशी व पोटाशी जोडलेली होती आणि मोजणाऱ्या हाताला तिचा अर्थ कळत होता. दवाखान्याच्या मिश्रणाच्या बाटलीवर चिकटवलेली, खाचा पाडलेली कागदाची पट्टी हे त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप होते. म्हणूनच ‘डोस’ हा शब्द परळच्या कोणत्याही चाळीत अडखळला नाही. वेढ्याच्या शेजारी तो सहज जाऊन बसला.

‘बाळ’ हे पूर्वपद लागलेल्या औषधांचा एक स्वतंत्र गट मराठीत आहे : बाळगुटी, बाळकडू, बाळघुटी. यांतील बाळकडू तर रूपकाच्या वाटेने औषध राहिलेच नाही. संस्कार, शिकवण, घराण्याचे वळण असे अर्थ घेऊन ते राजकारणाच्या व्यासपीठावर पोचले. परंतु याच गटातील एक शब्द कोशकारांनी व घरगुती भाषेचे गोडवे गाणाऱ्यांनी सारखाच टाळला आहे. तो म्हणजे ‘बाळगोळी’. गिरणीत पाळीवर जाणारी स्त्री तान्ह्या मुलाला जी गोळी देऊन निघे, ती अफूची असे. १९२२ च्या सुमारास सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने मुंबईतील गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभरापैकी अठ्ठ्याण्णव अर्भकांना अफू दिली जाते, असे तिने नमूद केले. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके दगावल्याचे आकडे आहेत. हे आकडे काहीसे फुगलेले आहेत, कारण बाळंतपणासाठी स्त्रिया कोकणात जात, जन्म तिकडे घडे आणि मृत्यूची नोंद मात्र इकडे होई. तथापि ती सूट देऊनही जे उरते ते भीषणच आहे. ‘बाळगोळी’ या शब्दात बाळ आहे, गोळी आहे, अफू नाही. घरगुती शब्द नेहमी पारदर्शक असतो आणि शासकीय शब्द नेहमी झाकणारा असतो, असा सोयीचा सिद्धान्त मांडू पाहणाऱ्याने या एका शब्दापाशी थांबले पाहिजे. पण दोष शब्द घडवणाऱ्या आईला देणे हेही अन्यायाचे होईल. पाळी सुटेपर्यंत मूल निजले पाहिजे, ही अट तिची नव्हती.

आजारी मुलाला घेऊन जावयाच्या जागेला मराठीत तीन शब्द आहेत, आणि तिन्ही मुंबईत एकाच रस्त्यावर वावरले. ‘दवाखाना’ हा फारसी वळणाचा, ‘इस्पितळ’ हा युरोपीय शब्द मराठी जिभेवर घासून गुळगुळीत झालेला, आणि ‘रुग्णालय’ हा पाटीवरचा. लोकांनी दवाखाना व इस्पितळ यांत अर्थभेद केला : दवाखान्यातून त्याच दिवशी घरी यावयाचे, इस्पितळात राहावयाचे. रुग्णालय या शब्दाला असा कोणताही अनुभव चिकटला नाही. आणि खरे पाहता ज्या इस्पितळांवर लोकांचा विश्वास बसला त्यांना या तिहींपैकी कोणताच शब्द लागत नाही. मूल ‘वाडियात’ नेतात, ‘केईएमला’ नेतात, अंगावर पुरळ वा घशात पडदा दिसला तर ‘आर्थर रोडला’ नेत असत, ज्या इस्पितळाचे नाव पुढे कस्तुरबा झाले. परळमध्ये १९२६ साली केईएम रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले आणि १९२९ मध्ये त्याच्या शेजारी बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे इस्पितळ. त्यामुळे ‘वाडियात’ या एका सप्तमीत मुलाचा जन्म आणि मुलाचे आजारपण दोन्ही मावली. केईएमसाठी देणगी देणाऱ्यांनी तेथील अध्यापकवर्ग हिंदी असावा ही अट घातली होती. राष्ट्रीय अभिमानाची म्हणून तिची वाखाणणी होते. तिचा भाषिक परिणाम कोणी अभ्यासलेला नाही, पण डॉक्टर आणि आई यांच्यात दुभाषा नको होण्याची शक्यता तिने वाढवली, एवढे म्हणता येते.

या जागी घरातल्या भाषेचे सर्वांत महत्त्वाचे क्रियापद येते. मराठी आई मुलाला डॉक्टरांना ‘दाखवते’. ‘वाडियात दाखवून आणलं’, ‘डॉक्टरांना दाखवलं का?’ ही नेहमीची वाक्ये आहेत. ‘दिसणे’चे हे प्रयोजक रूप आहे. वैद्यकीय परीक्षेच्या क्रियेत पाहणारा डॉक्टर असतो, पण या वाक्याची कर्ती आई आहे. पाहणे तिने घडवून आणलेले आहे. कोणत्या डॉक्टरला दाखवावयाचे, कधी दाखवावयाचे, सांगितलेले औषध पाजावयाचे की नाही, हे तिच्या हाती राहते. ‘दाखवणे’, ‘पाजणे’, ‘भरवणे’ ही सर्व प्रयोजके तिचीच.

शाळेत पाऊल पडताच हे व्याकरण बदलते. १९२० च्या कायद्यान्वये मुंबई नगरपालिकेने १९२५ मध्ये एफ आणि जी या वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, माहीम, वरळी या भागांत, प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. गिरणगावातील मुले प्रथमच मोठ्या संख्येने एका छपराखाली, ठरलेल्या वेळी, पटावर नाव लावून गोळा झाली. मुलांच्या आरोग्याकडे सामुदायिक दृष्टीने पाहण्यास इतकी अनुकूल स्थिती पूर्वी कधी नव्हती. आणि या नव्या पाहण्याला शाळेच्या मराठीने जो शब्द दिला, तो तिच्याकडे आधीच तयार होता.

‘तपास’ हा शब्द व्युत्पत्तिकार अरबीतील ‘तफह्हुस’पर्यंत नेतात. अरबीत त्याच धातूपासून आलेला ‘फह्स’ हा शब्द वैद्यकीय परीक्षेलाही लागतो, ही एक मौजेची गोष्ट. पण मराठीत येताना तो वैद्याच्या घरातून आला नाही, कचेरीतून आला. हिशेब तपासतात, जकातीच्या नाक्यावर सामान तपासतात, पोलीस गुन्ह्याचा तपास करतात. शाळेत तर हा शब्द मुरलेला होता. ‘तपासनीस’ हे पदाचे नाव होते आणि ‘तपासणी’ म्हणजे डेप्युटीसाहेबांची वार्षिक स्वारी. त्या दिवशी भिंती सारवल्या जात, मुले आंघोळ करून येत, हुशार मुलांना पुढच्या बाकावर बसवीत. डॉक्टर शाळेत आला तेव्हा याच शब्दाने त्याला आत घेतले. परिणामी मुले, शिक्षक आणि पालक यांनी त्या दिवसाकडे परीक्षेच्या दिवसाप्रमाणेच पाहिले. नखे कापून यावे, डोके विंचरून यावे, म्हणजे साहेबांना काही सापडू नये. ज्या क्रियेचा हेतू काहीतरी सापडावे हाच आहे, तिची तयारी काही सापडू नये अशी करावयाची, हा या शब्दाने आणलेला उलटा न्याय होय.

हा शब्द केवळ शाळेच्या सवयीमुळे आला असे मात्र नाही. इंग्लंडमधील १९०७ च्या शिक्षणविषयक कायद्याने शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. उपचार करण्याचा त्यांना अधिकार होता, बंधन नव्हते. तेथेही मूळ शब्द पाहणीचा आणि देखरेखीचाच होता. परंतु तेथे मार्गारेट मॅकमिलन यांच्यासारख्यांनी शाळेला जोडलेले दवाखाने काढून दाखवले आणि १९१८ च्या कायद्याने प्राथमिक शाळांतील मुलांच्या उपचाराची सोय करणे हेही कर्तव्य झाले. शब्द जुना राहिला, व्यवहार पुढे गेला. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाल्याचे सांगतात. ज्या संस्थानाने हे केले त्यानेच पुढे १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा शासनव्यवहाराच्या शब्दांचा बहुभाषिक कोश सिद्ध केला. शासनाने नवे काम हाती घ्यावयाचे तर त्यासाठी लोकांना कळेल असा शब्दही घडवावा लागतो, ही जाण त्या दरबारात होती. अन्यत्र ती अभावानेच आढळते. इंग्रजी शब्द मराठी झाला, इंग्लंडमध्ये त्याच्या पाठोपाठ आलेला दवाखाना मराठीत आला नाही.

कार्यालयीन मराठीचे ठरीव वाक्य असे असते : ‘विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली.’ या वाक्याचे व्याकरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. घरातल्या वाक्यातील चतुर्थी गेली आणि षष्ठी आली. ‘मुलाला’ काही मिळत होते, ‘मुलाची’ फक्त तपासणी होते. आईचे कर्तृत्व गेले. पण तिच्या जागी डॉक्टरही आला नाही, कारण ‘करण्यात आली’ या रचनेला कर्ता लागतच नाही. ‘-ण्यात येणे’ ही रचना शासकीय मराठीने इतकी आपलीशी केली आहे की तिच्यावाचून परिपत्रक लिहिता येईल, यावर कारकुनांचा विश्वास बसणार नाही. काम झाले आहे, कोणी केले ते सांगावयाचे नाही, आणि मुख्य म्हणजे पुढे काय झाले ते विचारावयाचे नाही, असे तीन गुण तिच्यात एकवटले आहेत. ‘उपचार करण्यात आले’ हे वाक्य त्याच व्याकरणाने तितकेच सोपे होते. ते पाठोपाठ क्वचितच येते.

तपासणीत जे सापडे त्याला इंग्रजी पद्धतीप्रमाणे ‘दोष’ म्हणत : दंतदोष, दृष्टिदोष, पोषणातील दोष. इंग्रजीत हा शब्द यंत्राच्या बिघाडासारखा कोरडा आहे. मराठीत तो तसा नाही. दोष म्हणजे अपराध, दोष म्हणजे पत्रिकेतील मंगळ, आणि ‘माझा काय दोष?’ हा स्त्रीच्या तोंडचा नित्याचा प्रश्न. आयुर्वेदातील त्रिदोषांचा तांत्रिक अर्थ पालकांच्या कानी क्वचितच असे. मुलात दोष निघाला, हे वाक्य चाळीच्या सामाईक गॅलरीत ऐकले जाते तेव्हा त्याचा अर्थ काय होत असेल, हे सांगण्यासाठी अर्थविज्ञानाची आवश्यकता नाही. मुडदूस, खुपऱ्या, गालगुंड, खरूज, जंत हे शब्द घरात उच्चारताना कोणी लाजत नसे, कारण त्यांवर करावयाचे काहीतरी त्या शब्दांसोबतच ठाऊक होते. दोषावर करावयाचे काय, ते शब्द सांगत नाही.

यानंतर येते ती चिठ्ठी. दोष सापडलेल्या मुलाच्या हाती, त्यास इस्पितळात न्यावे अशा अर्थाची चिठ्ठी द्यावयाची, हा शाळेच्या बाजूचा शेवटचा टप्पा. ही चिठ्ठी वाचावयाची कोणी? वाचता आली तरी केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी उभे राहावयाचे तर गिरणीत खाडा पडे. ‘खाडा’ हा गिरणगावचा शब्द या साऱ्या परिभाषेत कोठेही नोंदलेला नाही, आणि वस्तुतः तपासणी व उपचार यांच्यातील अंतर मोजण्याचे खरे माप तोच आहे. शाळेपासून वाडिया इस्पितळापर्यंतचे अंतर परळच्या मुलाला पायी दहा-पंधरा मिनिटांचे असेल. त्याच्या बापाला ते एका दिवसाच्या मजुरीइतके होते. दादर-गिरगावच्या पांढरपेशा घरांत घरगुती डॉक्टर असे, त्यामुळे शाळेची चिठ्ठी बहुधा अनावश्यक ठरे. ज्यांना ती आवश्यक होती त्यांना ती परवडत नसे.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने देशातील शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यासारखीच आहे आणि जेथे आहे तेथे अविकसित आहे, असा अभिप्राय दिला. १९६० मध्ये श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शालेय आरोग्य समितीचा अहवाल १९६१ साली आला. बहुतेक ठिकाणी ही सेवा नाममात्र आहे, या चित्रात मधल्या पंधरा वर्षांत मोठा पालट झाल्याचे तो दाखवत नाही. या अहवालांचे मोल मोठे आहे. पण ते ज्या भाषेत लिहिले गेले त्या भाषेत परळची आई नव्हती, आणि त्यांचा मराठी गोषवारा ज्या भाषेत झाला तीत ती असून नसल्यासारखी होती.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. उपचार झाले नाहीत ते पैसा, डॉक्टर व परिचारिका यांच्या अभावी, शब्दाच्या अभावी नव्हेत. ‘तपासणी’ऐवजी ‘शुश्रूषा’ म्हटल्याने एकही दात भरला गेला नसता. हे मान्यच केले पाहिजे. शब्द हे येथे कारण नाही, ती साक्ष आहे. परंतु साक्षीचाही एक परिणाम असतो. जी सेवा स्वतःला तपासणी म्हणवते, ती तपासणी पूर्ण झाल्यावर पूर्ण झाली, असे तिच्याच भाषेत सिद्ध होते. पटावरील सर्व मुले तपासून झाली की काम शंभर टक्के झाले. प्रगतिपुस्तकातील उंची-वजनाचा रकाना वर्षामागून वर्षे इमानाने भरला गेला. वजन वाढत नाही म्हणून कोणी काही करावे, यासाठी त्या पुस्तकात रकाना नव्हता. ‘निदान’ या शब्दाचे मराठीत ‘किमान’ असे अव्यय झाले आहे. शालेय वैद्यकात निदान तेवढे तरी झाले, असे म्हणण्यापलीकडे फारसे जाता येत नाही.

दुसरा प्रश्न परिभाषेच्या निवडीचा. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि शासनाची मराठी घडवण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले. त्या कामावर सरसकट संस्कृतप्रचुरतेचा आरोप करण्याची चाल आहे. बालरोगांच्या बाबतीत तो आरोप अर्धाच खरा ठरतो. घटसर्प, डांग्या खोकला, गोवर, कांजिण्या, धनुर्वात ही नावे लोकांतून उचलली गेली आणि भिंतीवरील फलकांत ती आजही वाचणाऱ्याला कळतात. ‘त्रिगुणी लस’ हा घडवलेला शब्दही चांगला होता. एका टोचणीत तीन गुण, हे गुटी उगाळणाऱ्या घराला समजावून द्यावे लागत नव्हते. उलट लोकांत ‘मुदतीचा ताप’ हे अर्थपूर्ण नाव असताना ‘विषमज्वर’ का स्वीकारावा लागला, याचे समर्थन करणे अवघड आहे. मुदतीच्या तापात आईला पथ्याचे दिवस मोजावे लागतात हे कळत होते. विषमज्वरात तिला फक्त भय कळते. एकोणिसाव्या शतकात ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग होता. गिरगावच्या परिसरात वावरलेले डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे विद्वान औषधी वनस्पतींची देशी नावे जमवून त्यांची सूची सिद्ध करीत होते. त्या परंपरेचा धागा पुढे चालला असता तर रोगांच्या नावांइतकेच उपचाराच्या क्रियापदांकडेही परिभाषाकारांचे लक्ष गेले असते. परिभाषा म्हणजे नामांची यादी, ही समजूत मराठीत खोल रुजलेली आहे. क्रियापदांचा कोश अद्याप कोणी मागितलेलाच नाही.

देवीचा रोग भारतात १९७५ मध्ये संपला आणि १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. ‘देवी काढणे’ हा प्रयोग त्याबरोबर इतिहासजमा झाला. दंडावरील दोन वण असलेल्या पिढीपुरता तो उरला आहे. १९७८ पासून ‘लसीकरण’ आले. हेही ‘-करण’ प्रत्ययाने घडलेले, कर्त्यावाचून चालणारे नाम होय. लोकांनी मात्र १९९५ नंतरच्या पोलिओ मोहिमेत पुन्हा आपले क्रियापद वापरले. त्यांनी पोलिओचे लसीकरण करून घेतले नाही, त्यांनी मुलांना ‘डोस पाजला’. वेढ्याशेजारी बसलेला तो इंग्रजी शब्द आणि आईचे जुने प्रयोजक, दोन्ही त्यात एकत्र आली. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, तेव्हा प्रशस्ती ‘लसीकरण मोहिमे’ची झाली.

२०१३ मध्ये पालघर येथे ज्याचा आरंभ झाला त्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाने शाळा व अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीला पुढील उपचारांशी, शस्त्रक्रियेपर्यंत, जोडून घेतले. धोरण म्हणून हे पाऊल निश्चितच पुढचे आहे आणि त्याचा लाभ झालेली मुले आहेत. परंतु त्याच्या परिभाषेत ‘दोष’ पहिल्या ओळीत कायम आहे, आणि तपासणीनंतर मुलाला मोठ्या इस्पितळाकडे पाठवण्याच्या क्रियेला मराठीत नाव मिळाले आहे ‘संदर्भसेवा’. विद्यापीठातील वाचकाला या शब्दाने ग्रंथाच्या शेवटी येणारी सूची आठवली तर त्यात त्याचा अपराध नाही. घरी हा शब्द कोणी उच्चारत नाही. लालबागच्या चाळीत आजही वाक्य तेच आहे : ‘शाळेत तपासलं, आणि पुढे दाखवायला सांगितलंय.’ पहिल्या क्रियापदाला कर्ता नाही. दुसऱ्याची कर्ती आईच आहे, आणि तिला कामावर सुट्टी मागावी लागणार आहे.